पाठराखीण परत गेलीच नाही : भयकथेतली घर सांभाळणारी बाई कशी लिहावी

दिवाळी अंकांना भयकथा पाठवणारे काही मित्रमैत्रिणी आपले खर्डे आधी मला वाचायला देतात. त्यांतल्या निम्म्या कथांत जुना वाडा असतो, नवी सून असते आणि एक म्हातारी बाई असते. पांढरं लुगडं, हातात कंदील, खोल गेलेले डोळे. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून ती म्हणते, "त्या खोलीत जाऊ नका." मला या बाईची कधीच भीती वाटत नाही. ती दुपारचं कुठे बसून जेवते, तिची पथारी कोणत्या खोलीत पडते, तिला ताप आला तर पाणी कोण देतं, हे लेखकाला ठाऊकच नसतं. हातातला कंदील काढून घेतला की बाईही उरत नाही.

माझ्या आजोळी, सोलापूरच्या दक्षिण कसब्यातल्या वाड्यात, अशी एक बाई होती. सगळे तिला मावशी म्हणत. कोठीच्या खोलीसमोरून मी पळत जायचे, कारण ती तिथे अंधारात बसून शेंगा फोडत असायची आणि मान वर न करता विचारायची, "कोण, धाकटी का?" पावलांच्या आवाजावरून ती आम्हा सगळ्या भावंडांना ओळखायची. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी आई सहज बोलून गेली, की मावशीला घरात अंथरूण टाकायला जागा अशी नव्हतीच, ती जन्मभर कोठीच्या उंबऱ्याशी झोपली. ती तिथेच का बसते, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. पुढे जे सांगणार आहे ते त्या उंबऱ्यापाशी बसून सांगते आहे असं समजा.

आधी थोडं विलायतेतलं

व्हिक्टोरियन काळातल्या मोठ्या इंग्रज घरात हाउसकीपर ही सगळ्या बायका-नोकरांची मुख्य असे. लग्न झालेलं असो वा नसो, तिला 'मिसेस' म्हणायचं. कोठारांच्या आणि कपाटांच्या किल्ल्या तिच्या ताब्यात. ती मालकांच्या पंगतीत नाही आणि नोकरांच्या घोळक्यातही नाही. भयकथेने उचलली ती ही अधांतरी जागा.

या घराण्यातली सर्वांत गाजलेली बाई म्हणजे डाफ्ने द्यु मॉरिए यांच्या १९३८ च्या 'रिबेका' कादंबरीतल्या मिसेस डॅनव्हर्स. पहिल्या मालकिणीला तिने लहानपणापासून पाहिलेलं, ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबरच ही या घरात आली. मालकीण गेली, पण हिने तिची खोली, तिचे कपडे, केसांचा ब्रश जसाच्या तसा ठेवला. नव्या बायकोला कादंबरीभर नावसुद्धा नाही. हेन्री जेम्सच्या १८९८ च्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'मधली मिसेस ग्रोस मात्र दुष्ट नाही. तिला वाचता येत नाही, आणि एवढ्या एका गोष्टीने त्या घरातलं किती सत्य अडून राहतं ते पाहण्यासारखं आहे. शर्ली जॅक्सनच्या १९५९ च्या कादंबरीतल्या झपाटलेल्या घरात मिसेस डडली ठरल्या वेळी जेवण मांडते, तीच तीच वाक्यं बोलते आणि अंधार पडायच्या आत निघून जाते.

तिघींपैकी एकीच्याही हातात सुरा नाही, हे लक्षात ठेवा. पहिलीकडे निष्ठा आहे, दुसरीकडे अज्ञान, तिसरीकडे वेळापत्रक. आपल्याला कामाला येणारी सामग्री हीच.

पायरी १ : हाउसकीपर विसरा, पाठराखीण शोधा

मराठी घरात हाउसकीपर नव्हती. स्वयंपाकीण होती, दाई होती, आश्रयाला राहिलेली विधवा आत्या होती. 'रिबेका'वरूनच बेतलेल्या १९६४ च्या 'कोहरा' या हिंदी चित्रपटात ही भूमिका ललिता पवारांकडे आली, तेव्हा ती बाई 'दाई माँ' झाली होती. आपल्याकडे नोकरीला नात्याचं नाव लागल्याशिवाय ती घरात मुरत नाही.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो आपला जुना शब्द : पाठराखीण. नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी सोबतीला जाणारी बाई. तिने चार दिवसांत परत जायचं असतं. ती परत गेलीच नाही तर? नवरी बाळंतपणात दगावली आणि पाठराखीण मागे राहिली तर? माहेर तिला बोलवत नाही, सासरशी तिचं रक्ताचं काही नाही. ज्या एका माणसासाठी ती आली ते माणूसच उरलेलं नाही. इथे तुमची बाई जन्माला आली. आता आपण तिला घेऊन एक कथा पायरीपायरीने रचू. तिला घरात सगळे 'अक्का' म्हणतात.

पायरी २ : सासूचं काय ते ठरवा

नवशिके लेखक ही पायरी हमखास गाळतात. इंग्रज घरात नवी बायको आणि किल्ल्या यांच्यामध्ये हाउसकीपर उभी असते. आपल्याकडे तिथे सासू उभी असते. सासू धडधाकट असेल तर अक्काला सत्ता नाही, आणि सत्ता नसेल तर भय नाही. सासूला मारून टाकणं सोपं आहे, पण मी तसं करणार नाही. सासूला अर्धांगवायू झालाय. ती माजघरात पडून आहे, तोंडातून अस्पष्ट शब्द येतात आणि ते फक्त अक्काला कळतात. "आईसाहेब म्हणतात, आज देवघरात तुम्ही जाऊ नका." असं त्या खरंच म्हणाल्या का? सुनेला ते कधीच पडताळता येणार नाही. एका आजारपणाने अक्का त्या घराची जीभ झाली.

पायरी ३ : वाडा मोजा

कागदावर वाडा काढा. दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, माजघर, देवघर, कोठी, न्हाणीघर, परस, परसातला आड. वर माळवद, त्यात उजेडासाठी ठेवलेला झरोका. मग प्रत्येक खोलीत एक प्रश्न लिहा : इथून अक्काला काय दिसतं, काय ऐकू येतं? शेवटी तिची पथारी काढा. ती कोठीच्या उंबऱ्याशी आहे, म्हणजे माजघरातून परसात जाणाऱ्या वाटेवर. रात्री कुणालाही मागे जायचं तर तिला ओलांडून जावं लागेल. ती जागा तिने मागून घेतलेली नाही, उरली म्हणून मिळाली. पहारा आणि लाचारी एकाच पथारीवर झोपतात.

शक्य असेल तर कसब्यात किंवा बाळीवेशीच्या आसपास, एखाद्या उरलेल्या वाड्यात परवानगी घेऊन भर दुपारी तासभर बसून या. भिंतींची जाडी, आतला गारवा, बाहेरच्या झळांतून आत आल्यावर क्षणभर काहीच न दिसणं, हे घरी बसून लिहिता येत नाही.

पायरी ४ : धुकं परत पाठवा

सोलापुरात धुकं, ओक आणि दरीतला वारा आणू नका. इथे वर्षाला ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर. आपलं भय टळटळीत दुपारचं आहे. रस्ता ओस, दारं लावलेली, सगळं घर वामकुक्षीत, आणि चौकात कुणीतरी उभं आहे.

कथेचा काळ मी १९७२ चा धरेन. तो दुष्काळ सोलापूर जिल्ह्याने अंगावर सोसला. माणसं खडी फोडायला गेली, बाहेरून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. अशा वर्षी कोठीची किल्ली नुसती किल्ली राहत नाही. सुनेला मूठभर ज्वारी दारातल्या भिकारणीला घालायची असली तरी अक्काकडे हात पसरावा लागतो. गिरणीचे भोंगे अजून वाजताहेत, त्यांचाही उपयोग करा. रात्रपाळीचा भोंगा झाला की अक्का उठते, हे एकदा सांगून ठेवलं की पुढे नुसता भोंगा लिहायचा.

आणि त्या वर्षी वाड्यातला आड पहिल्यांदा कोरडा पडलाय. कुणाच्याही आठवणीत त्याचा तळ दिसला नव्हता.

पायरी ५ : तिला चालवू नका

हिचकॉकने 'रिबेका'चा चित्रपट १९४० मध्ये केला, तेव्हा मिसेस डॅनव्हर्सला चालताना त्याने जवळजवळ दाखवलंच नाही. नायिका वळते तर ती शेजारी उभी असते. पडद्यावरची ही युक्ती मराठीत क्रियापदाने साधते. "अक्का आली" हे वाक्य पूर्ण कथेतून खोडा. अक्का येत नाही, ती असते. "सून फडताळ लावून वळली. अक्का दारात होती."

पण त्याहून महत्त्वाचं कारण आपल्या घरांत आहे. नवी सून म्हणजे आवाजांचं गाठोडं. हिरव्या बांगड्या, पायात जोडवी, पैंजण. शहाबादी फरशीवर तिचं प्रत्येक पाऊल घरभर कळतं. ती कुठे थांबली, कुठे वळली, कोणत्या खोलीत जरा जास्त वेळ रेंगाळली, सगळं ऐकू येतं. अक्का बालविधवा आहे. तिच्या हातात काकण नाही, पायात जोडवं नाही. तिचा आवाज होत नाही, कारण तिच्या अंगावरचं वाजणारं सगळं लहानपणीच उतरवून घेतलंय.

हे पुन्हा एकदा वाचा. भुताचं लक्षण म्हणून आपण जे लिहितो, ते समाजाने एका मुलीवर केलेलं काम आहे. दोन्ही एकाच वाक्यात आली पाहिजेत, पण लेखकाने बोट दाखवून नव्हे. एका प्रसंगात सून रात्री चोरून परसात जायला निघते. आवाज नको म्हणून बांगड्या कोपरापर्यंत सरकवून पदराने बांधते, पैंजण काढून ठेवते, जोडवीही काढते. आणि पहिलं पाऊल टाकताच तिला कळतं, की ती अक्कासारखी चालते आहे. माझ्या मते त्या कथेतला हा सर्वांत भीतिदायक क्षण असेल. तो लिहिताना घाई करू नका, एक अख्खं पान द्या.

पायरी ६ : तिला एकच वाक्य द्या

ते वाक्य मायेचं असावं. धमकी तर बिलकूल नको. आपल्या अक्काचं वाक्य असं :

"सूनबाई, पाणी तांब्यात भरून ठेवलंय. रात्री उठायचं काम नाही."

पहिल्या रात्री हे ऐकून सुनेला बरं वाटतं, माहेर आठवतं. दहाव्या रात्री ती तेच वाक्य त्याच चालीत ऐकते आणि तिला जाणवतं, की ही सोय नाही, मनाई आहे. 'उठायचं काम नाही' म्हणजे उठायची गरज नाही आणि उठायचं नाही, दोन्ही. मराठीने दिलेली ही दुधारी जागा आहे. कथेत वाक्य चार वेळा यावं, त्याहून जास्त नको. प्रत्येक वेळी वाक्य तेच राहील, ऐकणारी बदललेली असेल.

सर्वनामावरही बारीक लक्ष ठेवा. अक्का सुनेला अहो-जाहो करते, सूनही तिला तुम्हीच म्हणते. सगळ्या कथेत एकदाच, अगदी शांतपणे, अक्का म्हणते, "तू त्या आडाकडे गेली होतीस." पुढच्याच वाक्यात पुन्हा 'तुम्ही'. त्यावर सुनेनेही काही बोलू नये.

काळाचंही तसंच. मेलेल्या पहिल्या वैनींबद्दल, म्हणजे जिच्याबरोबर अक्का आली त्या नवरीबद्दल, घरातले सगळे भूतकाळात बोलतात, अक्का वर्तमानात. "वैनींना शेंगाचटणीत लसूण चालत नाही." 'चालत नसे' नाही, 'चालत नाही'. म्हणून त्या घरात आजही चटणी बिनलसणाची होते, आणि सगळे ती मुकाट खातात.

पायरी ७ : दोन भाषांच्या फटीत

सोलापूरची कथा एकाच भाषेत लिहिली तर ती सोलापूरची होत नाही. इथे गल्ली ओलांडली की कानडी, पूर्व भागात गेलं की तेलुगू, मध्येच उर्दू. आपली अक्का पहिल्या वैनींबरोबर विजापूरकडून आली आहे, तिची आतली भाषा कानडी. सून मात्र साताऱ्याची. ती सोलापुरात वाढलेली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, म्हणून तिचं माहेर सांभाळा.

दुपारी अक्का कोरड्या आडाच्या काठावर वाकून पुटपुटते, "तंगी... तंगी..." सून ऐकते. दुष्काळाचं वर्ष, पाण्याची तंगी, म्हातारी त्याचंच दुःख करत असणार. तिला दयाही येते. वाचकही तेच समजतो. मग पन्नाससाठ ओळींनंतर, शेजारची कानडी बोलणारी बाई आपल्या मुलींना हाक मारते, आणि सून सहज विचारते, की तंगी म्हणजे काय हो? "तंगी म्हंजे धाकटी बहीण की. थोरलीला अक्का म्हणायचं, धाकटीला तंगी."

इथे दोन दारं एकदम उघडतात. आडाशी वाकून अक्का कुणाला तरी हाक मारत होती. आणि सगळं घर जिला अक्का म्हणतं, ते नाव मुळात एकाच मुलीने तिला दिलेलं होतं. बाकीच्यांनी ते उचललं. तिचं खरं नाव आता त्या घरात कुणालाच ठाऊक नाही. इंग्रज कादंबरीत नाव नसतं ते नव्या बायकोला. आपल्याकडे ते घर सांभाळणारीला नसतं, आणि मला हे जास्त खरं वाटतं.

कानडीचा वापर मात्र जपून. दोन शब्द पुरेत. ओळीच्या ओळी घालून ती भाषाच भीतीदायक ठरवणं हा आपल्याच शेजाऱ्यांवर अन्याय आहे, आणि सोलापूरचा वाचक तो खपवून घेणार नाही.

पायरी ८ : आडात काय आहे

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. भयकथेचं तसंच आहे. तळाशी काय आहे ते तुम्हाला पहिल्या ओळीआधी ठाऊक हवं.

पहिल्या वैनींचं प्रेत नको. वाचक ते तिसऱ्या पानावर ओळखतो. मी भांडी ठेवेन. लग्नात माहेरून आलेली पितळी भांडी, त्यांवर टिंबाटिंबांनी कोरलेलं वैनींचं नाव. त्या गेल्यापासून दर वर्षी त्यांच्या तिथीला अक्का एक भांडं आडात सोडते, म्हणजे दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागणार नाही. पाणी होतं तोवर ते निमूट बुडायचं. यंदा आड कोरडा. रात्रपाळीचा भोंगा होतो, आणि थोड्या वेळाने परसातून दगडावर पितळ आपटल्याचा आवाज येतो. सकाळी अक्का सांगते, मांजर असेल.

मग घरचे गाळ काढायचं ठरवतात. दुष्काळात आड साफ करून घेणं हे अगदी व्यवहारी काम, त्यात संशयाला जागा नाही. अक्का विरोध करते. तिचा आवाज चढलेला सगळे पहिल्यांदाच ऐकतात. गडी खाली उतरतात, एकेक भांडं वर येतं. परात, पातेली, वाट्या, समई. सून राख-चिंचेने घासत बसते आणि नाव उजळत जातं, तेच नाव, पुन्हा तेच. सर्वांत शेवटी, गाळात न रुतलेला, नुसता वर पडलेला एक तांब्या. तो घासायचीही गरज नाही. त्यावर सुनेचं स्वतःचं नाव आहे.

म्हणजे तिथीचं भांडं यंदा कुणाचं गेलं? आणि रात्री उशाशी भरून ठेवलेला तांब्या इतके दिवस कोणता होता? या प्रश्नांची उत्तरं देऊ नका. अक्काने तिला मेलेल्यांत धरलं, की आपल्यांत धरलं, हे वाचकाला ठरवू द्या. मला स्वतःला दुसरं वाटतं.

पायरी ९ : तिचा हिशेब मांडा

लिहायला बसण्यापूर्वी अक्काच्या बाजूने दोन पानं लिहून काढा. ती छापायची नाहीत. तिला पगार आहे का? बहुधा नाही, दोन वेळचं जेवण आणि वर्षाला दोन लुगडी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीळ ती भाजते, वाणाची ताटं ती लावते, आणि बायका आल्या की कोठीत जाऊन बसते. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो, सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात. सेवा करणाऱ्या मुलीची ही गोष्ट सोलापुरात सगळ्यांना पाठ आहे. त्या अफाट गर्दीत अक्काही मूठभर अक्षता टाकते. घरच्या कुठल्याच लग्नात तिला पुढे उभं राहू दिलेलं नाही. हा प्रसंग मी कथेत ठेवेन, सुनेच्या नजरेतून आणि अगदी थोडक्यात.

हा हिशेब मांडला नाही तर काय होतं ते मी अनेक खर्ड्यांत पाहिलंय. गरीब, म्हातारी, एकटी, विधवा, परभाषक : एवढ्यानेच बाई भयंकर ठरते. ती भीती आपल्या मनातली घाण आहे आणि कथेने ती वाढवू नये. अक्काची भीती वाटली पाहिजे ती तिच्या निष्ठेची, कारण वर्षानुवर्षं एका माणसासाठी इतकं करणारी बाई पुढे काय करेल, याला मर्यादा नाही.

पायरी १० : शेवट

'रिबेका'च्या चित्रपटात मिसेस डॅनव्हर्स आगीत संपते. कादंबरीत तिचं काय झालं ते लेखिकेने दाखवलंच नाही. मी कादंबरीच्या बाजूची आहे. अक्काला आडात ढकलू नका, वेड लावू नका, पोलीस बोलावू नका. भांडी वर आल्याच्या दुसऱ्या दिवशीही आईसाहेबांना भरवायचं असतं, आणि त्यांची भाषा दुसऱ्या कुणाला येत नाही. सकाळी चूल पेटलेली असते. सगळे जेवतात. सून पहिला घास हातात घेऊन किती वेळ थांबते, तेवढं लिहा.

मग रात्र. अक्का तापाने फणफणली आहे, कोठीच्या उंबऱ्याशी पडून आहे. गिरणीचा भोंगा होतो. सून उठते. आता तिच्या कमरेला किल्ल्या आहेत, पण त्या वाजत नाहीत, तिने त्या पदरात घट्ट धरल्या आहेत. ती आडातून आलेला तो शेवटचा तांब्या भरते, अक्काच्या उशाशी ठेवते आणि म्हणते, "अक्का, पाणी तांब्यात भरून ठेवलंय. रात्री उठायचं काम नाही."

त्या वाक्याखाली एकही ओळ लिहू नका.